ली स्स नेमका कुठे चुकला?

थप्पी_नंबर_सात
मंडळी, गेली चार वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतोय तेव्हा सांभाळून घ्या. नोकरी सरकारी धान्य गोदामात, गोदामपाल. ट्रक आला नाही की दुपारी वेळच वेळ, त्यामुळे वाचन होतं. सध्या प्राचीन चीनचं वेड लागलंय आणि त्यातला हा ली स्स नावाचा माणूस काही डोक्यातून जात नाहीये.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. छू राज्यातल्या शांगत्साई गावचा हा माणूस, कचेरीत साधा कारकून. कचेरीच्या संडासातले उंदीर रोज बघायचा, घाण खातायत आणि माणूस किंवा कुत्रा आला की जीव मुठीत घेऊन पळतायत. मग एकदा सरकारी कोठारात गेला तर तिथले उंदीर निवांत, साठवलेलं धान्य खातायत, डोक्यावर मोठ्ठं छप्पर, ना माणसाची भीती ना कुत्र्याची. तिथे याची ट्यूब पेटली की माणूस लायक की नालायक हे उंदरासारखंच आहे, तो बसलाय कुठे त्यावर सगळं. झालं, नोकरी सोडली, श्युन्झ नावाच्या मोठ्या गुरूकडे राज्यकारभार शिकला आणि शिकून झाल्यावर घरी न जाता थेट पश्चिमेचं छिन राज्य गाठलं, इसपू २४७. त्या वेळचं सगळ्यात मोठं कोठार तेच.

तिथे चढत चढत मुख्य प्रधान झाला. सात राज्यांचा मिळून एक चीन झाला (इसपू २२१) त्यात याचं डोकं मोठं. पोरांची लग्नं राजकन्यांशी, पोरींची राजपुत्रांशी. आणि शेवट काय, तर इसपू २०८ मध्ये राजधानी शियानयांगच्या भर बाजारात कमरेतून दोन तुकडे, वर सगळ्या कुळाचा नायनाट. नेताना मधल्या पोराकडे वळून म्हणाला की तुला आणि आपल्या पिवळ्या कुत्र्याला घेऊन शांगत्साईच्या पूर्व वेशीबाहेर सशाच्या मागे परत एकदा जावंसं वाटतंय, पण आता कुठलं जमायला. आणि बापलेक दोघं रडले.

तर प्रश्न साधा आहे. एवढ्या हुशार माणसाचं गणित नक्की कोणत्या वळणावर चुकलं? कुठे थांबला असता तर वाचला असता?

मिरचीभजी
पहिलाच धागा आणि सुरुवात संडासापासून. येऊ द्या, मी बसलेय.

सांजवात
छान लिहिलंय. पण ते ‘स्स’ काय प्रकरण आहे? मी ली सी असं वाचलं होतं.

थप्पी_नंबर_सात
सांजवात, मीही आधी सी म्हणायचो. एका चिनी बाईंचा व्हिडिओ ऐकला तर ‘सी’ही नाही आणि ‘सू’ही नाही, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी जे होतं ना तसं काहीतरी. म्हणून स्स.

मिरचीभजी
म्हणजे पूर्ण शिट्टी होण्याआधीच गॅस बंद केला बिचाऱ्याचा. (दिवा घ्या, म्हणजे हलकेच घ्या)

टेबलखुर्ची
मला वाटतं आधी तो चढला कसा ते बघा, मग पडला कसा ते कळेल. छिनमध्ये पोचला तेव्हा राजा नुकताच गेलेला आणि गादीवर तेरा वर्षांचा पोरगा, जो पुढे पहिला सम्राट झाला. खरी सत्ता ल्यु बुवेई नावाच्या प्रधानाकडे, मूळचा व्यापारी. ली स्सने त्याच्या पदरी नोकरी धरली आणि तिथून राजाच्या कानापर्यंत पोचला. राजाला सल्ला काय दिला तर आत्ताच वेळ आहे, सहाही राज्यं एकेक करून उचला, आणि उचलायची रीत अशी की आधी हेर पाठवायचे सोनं नाणं जवाहीर देऊन. समोरच्या राज्यातला जो सरदार पैशाने वळतो त्याला वळवायचं, जो वळत नाही त्याला खंजीर, आणि राजा प्रधानात फाटाफूट झाली की मगच चांगला सेनापती पाठवायचा. सैन्य शेवटी, हे लक्षात घ्या. मी सेल्समध्ये वीस वर्षं काढली आहेत, हा क्रम मला फार ओळखीचा वाटतो (खंजीर सोडून).

आणि पुढे ल्यु बुवेई पडला, हद्दपार झाला, विष पिऊन मेला, पण ली स्स तसाच वर. म्हणजे बॉस बुडताना आपण कसं तरंगायचं हे त्याला पक्कं येत होतं. असा माणूस शेवटी बुडतो तेव्हा गंमत आहे खरी.

हेमाडपंती
साडेतीन शहाण्यांतल्या नानांना अर्धं का म्हणायचे, तर तलवार नाही फक्त बुद्धी. त्या हिशोबाने हा पण अर्धाच.

वाकडी_वाट
मी इथे जर्मनीत व्हिसाच्या कागदांवर जगतो त्यामुळे ली स्सचा एक प्रसंग मला अगदी घरचा वाटतो, तो कोणी अजून लिहिला नाही म्हणून लिहितो, लांबण लागेल.

छिनच्या शेजारी हान नावाचं छोटं राज्य. त्यांनी शक्कल काढली की छिनला युद्धापासून दूर ठेवायचं तर त्यांना एखाद्या प्रचंड बांधकामात गुंतवा, पैसा माणसं सगळी तिकडे जातील. म्हणून झेंग गुओ नावाचा पाण्याच्या कामातला इंजिनियर पाठवला. त्याने छिनच्या राजाला ३०० लीहून (ली हे तिथलं अंतराचं माप) लांब कालवा पटवला, जिंग नदीचं पाणी लुओ नदीपर्यंत. काम अर्ध्यावर असताना भांडं फुटलं. राजा त्याला मारायला निघाला तर हा म्हणाला, हो, आलो होतो हेर म्हणूनच, पण कालवा झाला तर फायदा तुमचाच आहे. राजाला पटलं, कालवा पुरा झाला, क्षारपड जमीन भिजायला लागली आणि हेरगिरीसाठी काढलेल्या त्या कालव्याने छिनच्या सैन्याला धान्य पुरवलं.

पण त्या भानगडीत दरबारातल्या स्थानिक मंडळींना आयतं कोलीत मिळालं. बघा, हे बाहेरचे सगळे हेरच, हाकला एकजात सगळ्यांना. इसपू २३७ ला तसा हुकूम निघाला आणि त्या यादीत ली स्सचं पण नाव, कारण हाही उपराच. तेव्हा त्याने राजाला जो अर्ज लिहिला तो चिनी पोरं अजून शाळेत शिकतात. आधी हिशोब मांडला, तुमच्या पणजोबा खापरपणजोबांनी कोणकोणते बाहेरचे लोक ठेवले, शांग यांगने कायदे दिले तो कुठला, झांग यीने शत्रूची युती फोडली तो कुठला, फान ज्यूने राजाचे हात बळकट केले तो कुठला. मग चिमटा. महाराज, तुमच्या अंगावरची रत्नं छिनची नाहीत, घोडे छिनचे नाहीत, जनानखान्यातल्या बायका छिनच्या नाहीत, आणि खरं अस्सल छिन संगीत म्हणजे मडकं बडवायचं, मांडीवर थाप मारायची आणि ऊ ऊ करून ओरडायचं, ते सोडून तुम्ही बाहेरचं गाणं ऐकता. म्हणजे वस्तू बाहेरच्या चालतात, माणसं तेवढी चालत नाहीत? आणि शेवटी ते प्रसिद्ध वाक्य की थाई पर्वत मातीचा कण नाकारत नाही म्हणून तो एवढा मोठा आहे, नदी समुद्र ओढ्याला नाही म्हणत नाहीत म्हणून ते एवढे खोल.

हुकूम रद्द. ली स्स परत, आणि पुढे न्यायखात्याचा मुख्य. मला विचाराल तर हा माणूस इथे सगळ्यात मोठा होता.

सांजवात
वाकडी_वाट, काय सुंदर प्रतिसाद! वाचनखूण साठवली.

मिरचीभजी
मडकं बडवून ऊ ऊ. आमच्या सोसायटीच्या गणपतीत छिनचे लोक राहतात हे आज कळलं.

निवृत्त_लेखनिक
वाकडीवाट साहेबांचा प्रतिसाद उत्तम. परंतु त्याच उदार मनाच्या माणसाने पुढच्या चारच वर्षांत काय केले तेही सांगा की. मूळ प्रश्नाला माझे उत्तर हेच आहे, इसपू २३३, हान फेई.

हान फेई हा त्याच श्युन्झ गुरूंकडचा, ली स्सचा गुरुबंधू. बोलताना अडखळत असे पण लेखणी अशी की ली स्स स्वतःच मानायचा, याच्यापुढे आपण कमी. छिनच्या राजाने त्याचे लिखाण वाचले आणि म्हणाला, या माणसाला भेटलो तर मरण आले तरी खंत नाही. ली स्सनेच सांगितले, हा तर हानचा हान फेई. मग तो दूत म्हणून छिनला आला. राजा खूष. ली स्स आणि याओ ज्या या दोघांनी राजाचे कान भरले की हा हानच्या राजघराण्यातला, मनाने तिकडचाच राहणार, परत पाठवलात तर उद्या डोईजड होईल. म्हणजे जो युक्तिवाद स्वतःवर आला तेव्हा खोडून काढला, तोच चार वर्षांनी मित्रावर चालवला! हान फेईला तुरुंगात टाकले आणि ली स्सने तिथे विष पोचवले. राजाला पुढे पश्चात्ताप होऊन सोडा म्हणून निरोप गेला तोवर कारभार आटोपला होता.

आमच्या खात्यात असे एक गृहस्थ होते, बरोबरीच्या सर्वांचे गोपनीय अहवाल बिघडवून वर गेले. वर गेल्यावर एकटेच जेवायचे. असो.

टेबलखुर्ची
लेखनिककाका, हान फेईचं वाईट वाटतं मान्य, पण त्याने ली स्सचं करियर कुठे बिघडलं? उलट वाट मोकळी झाली. धाग्याचा प्रश्न ‘पाप कुठे केलं’ असा नाहीये, ‘गणित कुठे चुकलं’ असा आहे. पुढच्या बारा वर्षांत बघा, २३० ला हान, २२८ ला झाओ, २२५ ला वेई, २२३ ला छू (याचं स्वतःचं माहेर!), २२२ ला यान आणि २२१ ला छी. सहा विकेट.

गवतीचहा
गणित आणि पाप वेगळं असतं असं मानूनच तर तो मेला ना टेबलखुर्ची.

मला वाटतं २२१ चा निर्णय बघायला हवा आणि मग २१३ चा, दोन्ही एकत्र. एकीकरण झाल्यावर प्रधान वांग वान म्हणाला, लांबच्या मुलखात राजपुत्रांना गाद्या देऊ. सगळा दरबार हो म्हणाला. एकट्या ली स्सने विरोध केला, मागच्या राजवंशाने हेच केलं, भाऊबंदांना प्रदेश वाटले आणि पुढे ते एकमेकांचे गळे धरायला लागले, त्यापेक्षा सगळीकडे पगारी अधिकारी नेमा, बदली करता येतात. सम्राटाने ऐकलं आणि देशाचे ३६ प्रांत केले. एक लिपी, एक वजनमाप, गाड्यांच्या चाकांमधलं अंतर एक, हे सगळं त्याच डोक्याने. लिपीसाठी तर त्याने स्वतः अक्षर वळणाची पाटी लिहून दिली असं सांगतात. इथपर्यंत मी त्याची फॅन.

आता २१३. शियानयांगच्या राजवाड्यात मेजवानी, एकाने सम्राटाची आरती ओवाळली, तर छुनयू युए नावाचा विद्वान उठून म्हणाला, जुन्या रीतीने राजपुत्रांना प्रदेश दिले असते तर बरं, नाहीतर संकटात कोण धावून येणार. म्हणजे आठ वर्षांपूर्वी मिटलेला वाद परत. ली स्सने उत्तर काय दिलं? वाद घालून जिंकता आला असता, एकदा जिंकलाच होता. त्याऐवजी म्हणाला, वादच नको, पुस्तकंच जाळा. छिनची बखर सोडून बाकी राज्यांचे इतिहास, जुनी गाणी, तत्त्वज्ञान सगळं आगीत, वैद्यक ज्योतिष आणि शेतीची तेवढी ठेवा. ३० दिवसांत जाळली नाहीत तर तोंडावर डाग देऊन भिंत बांधायच्या कामावर. जुन्याचा दाखला देऊन आजच्याला नावं ठेवेल त्याच्या कुटुंबासकट फाशी.

आता विचार करा. २३७ चा तो अर्ज, ज्याने याचा जीव वाचला, तो पूर्ण जुन्या दाखल्यांवर उभा आहे. तुमच्या पणजोबांनी असं केलं, त्यांच्या आधीच्यांनी तसं केलं. २१३ नंतर कोणी तसा अर्ज लिहिला असता तर ली स्सच्याच कायद्याने गेला असता. स्वतः ज्या शिडीने चढला ती काढून जाळली आणि पाच वर्षांनी त्याला स्वतःलाच तिची गरज पडली.

वाकडी_वाट
गवतीचहा, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. टोपी काढली.

हेमाडपंती
किंचित भर. दरबारी विद्वानांकडच्या प्रती जाळायच्या नव्हत्या, त्या ठेवायची सूट होती. त्या पुढे २०६ मध्ये श्यांग यूने शियानयांग पेटवलं तेव्हा गेल्या असणार. बंदी घातली ली स्सने आणि राहिलेलं जाळलं बंडखोराने, शिव्या मात्र दोन हजार वर्षं एकट्याला.

शेंगदाणा_कूट
या सगळ्यापेक्षा आपला चाणक्य लाख पटीने

शेंगदाणा_कूट
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

मिरचीभजी
कूट, धाग्याचं काश्मीर होता होता वाचलं, आभारी आहे.

सोलकढी_फॅन
मंडळी तुम्ही सगळे माशांवर कधी येणार याची वाट बघतोय!! इसपू २१०, सम्राट दौऱ्यावर असताना शाछियू इथे मेला, ऐन उन्हाळा. राजधानी लांब. ली स्सला भीती की बातमी फुटली तर राजपुत्रांत मारामारी. म्हणून प्रेत बंद गाडीत, आत एक खोजा बसवलेला, रोजचं जेवण गाडीत जातंय, अधिकारी गाडीसमोर वाकून कागद देतायत आणि आतून मंजूर मंजूर. चार दोन लोकांनाच माहीत. आणि वास यायला लागला तर हुकूम काढला की प्रत्येक गाडीत एक एक शि (जवळपास ३० किलो) खारवलेले मासे ठेवा, म्हणजे कुणाला कळणार नाही कसला वास आहे. अख्ख्या चीनचा पहिला सम्राट, सुकटीच्या वासात घरी आला. आमच्या घरी बोंबील आणले की बिल्डिंगला कळतं, या लोकांनी शेकडो कोस निभावलं.

सांजवात
ईईई. जेवत होते रे मी.

टेबलखुर्ची
सोलकढीने विषय बरोबर जागी आणला. माझ्या मते गणित चुकलं ते इथेच, शाछियूला. सम्राटाने मरताना थोरल्या फूसूला पत्र लिहिलं होतं की राजधानीत ये, माझे अंत्यसंस्कार तू कर, म्हणजे गादी त्याचीच. पत्र आणि मोहोर झाओ गाओ नावाच्या खोज्याच्या ताब्यात, पत्र गेलंच नव्हतं. झाओ गाओने धाकट्या हूहाईला पटवलं आणि मग ली स्सकडे आला.

तो संवाद मुळातून वाचा, नोकरी करणाऱ्या प्रत्येकाने वाचावा. ली स्स आधी उसळतो, हे काय बोलतोस, हे प्रजेने बोलायचं नसतं. झाओ गाओ आवाज चढवत नाही, फक्त प्रश्न विचारतो. सेनापती मेंग थियानच्या तुलनेत तुमची कर्तबगारी किती? दूरदृष्टी? लोकांत नाव? आणि फूसूचा जास्त विश्वास कोणावर, तुमच्यावर की त्याच्यावर? ली स्स म्हणतो, सगळ्यात मी कमीच. झाओ गाओ म्हणतो, मग फूसू बसला की प्रधान मेंग थियान होणार आणि तुम्ही सरदारकीची मोहोर घेऊन गावी जाणार नाही हे नक्की, आजवर छिनमधून निघालेल्या एकाही प्रधानाची दुसरी पिढी सुखात राहिलेली मी पाहिली नाही. ली स्स दोनतीनदा नाही म्हणतो, मग आभाळाकडे बघतो, रडतो आणि हो म्हणतो.

खोटं पत्र गेलं, फूसू आणि मेंग थियानने आत्महत्या करावी असं. फूसूने लगेच केली.

मिरचीभजी
ध चा मा.

टेबलखुर्ची
अगदी. फक्त इथे अख्खं पत्रच मा.

फूसूकडे तीन लाखांची फौज होती सरहद्दीवर. ली स्सने त्या रात्री नुसतं ‘विचार करून सांगतो’ म्हटलं असतं आणि एक घोडेस्वार उत्तरेला पाठवला असता तरी खेळ पलटला असता. मुख्य प्रधान होता तो! प्रधानकी जाईल या भीतीने डोकं गहाण ठेवलं.

हेमाडपंती
थांबा थांबा. बंद खोलीतला हा संवाद लिहून कोणी ठेवला? हे सगळं सिमा छ्यानच्या इतिहासातून येतं आणि तो शंभरेक वर्षांनी लिहितोय, ज्या राजवंशाने छिनला उलथवलं त्यांच्या पदरी बसून. पेकिंग विद्यापीठाकडे २००९ मध्ये हान काळातल्या (म्हणजे छिननंतरच्या त्याच राजवंशाच्या, शेजारचं हान राज्य नव्हे) बांबूच्या पट्ट्या आल्या, त्यात एक मजकूर आहे ज्यात आजारी सम्राटासमोर ली स्स आणि दुसरा प्रधान फेंग छ्यूजी हूहाईचं नाव सुचवतात आणि सम्राट मान्य करतो. ना खोटं पत्र ना कट. आता हाही मजकूर गोष्टीसारखाच आहे, त्यामुळे तो खरा आणि तो खोटा असं नाही म्हणत, पण त्या काळातही दोन कथा फिरत होत्या एवढं नक्की.

टेबलखुर्ची
म्हणजे माझा आवडता सीन तुम्ही घेऊन गेलात.

निवृत्त_लेखनिक
हेमाडपंती यांचा मुद्दा रास्त आहे. तरीही तुरुंगाचा भाग मला सिमा छ्यानचाच खरा वाटतो, कारण तो माणूस स्वतः तुरुंगात राहिला आहे. पराभूत सेनापतीची बाजू घेतली म्हणून सम्राटाने त्याला खच्चीकरणाची शिक्षा दिली, त्यातून उठून त्याने ग्रंथ पुरा केला.

हूहाई गादीवर बसल्यावर बंडे उठली. ली स्सचा थोरला मुलगा ली यौ ज्या प्रांताचा सुभेदार होता तिथूनच बंडखोर पुढे सरकले, त्यामुळे बापावर संशय. घाबरून त्याने नव्या सम्राटाला खूष करणारा अर्ज लिहिला की राजाने कडक शिक्षा कराव्यात आणि स्वतः मौज करावी. त्यानंतर रस्त्यावर दिसणाऱ्यांत निम्मे लोक शिक्षा भोगलेले असत, असे लिहून ठेवले आहे. झाओ गाओ मात्र वाटच पाहत होता. तो ली स्सला म्हणे, सम्राटांना तुम्हीच समजवा, मोकळे असले की कळवतो. आणि सम्राट बायकांमध्ये मेजवानीला बसला की नेमका तेव्हाच निरोप, आता या. असे तीनदा. सम्राट चिडला नाही तरच नवल.

मग अटक. ज्यांना एकत्र धरले त्यात फेंग छ्यूजी आणि फेंग ज्ये यांनी प्रधान आणि सेनापती यांची विटंबना होत नसते म्हणून आत्महत्या केली. ली स्सने केली नाही, त्याला आपल्या लेखणीवर भरवसा होता. हजारावर फटके खाऊन कबुली दिली आणि तुरुंगातून अर्ज लिहिला, त्यात आपले सात ‘गुन्हे’ मोजले. राज्य लहान असताना सोने देऊन हेर पाठवले आणि सहा राजे पकडले हा पहिला गुन्हा, उत्तरेच्या टोळ्या हाकलून दक्षिणेचा युए मुलूख जिंकला हा दुसरा, असे करत वजनमापे लिपी एक केली, रस्ते बांधले, शिक्षा सौम्य केल्या. झाओ गाओ म्हणाला, कैद्याला कसला आलाय अर्ज? अन् तो फेकून दिला.

पुढचे मला झोपू देत नाही. झाओ गाओने आपली दहाबारा माणसे सरकारी तपासनीस बनवून एकामागून एक पाठवली. ली स्स दर वेळी खरे सांगे, मी निर्दोष आहे, आणि दर वेळी फटके. शेवटी सम्राटाकडून खरा तपासनीस आला तेव्हा त्याला वाटले हाही त्यातलाच, आणि त्याने गुन्हा कबूल केला. सम्राट म्हणाला, झाओ गाओ नसता तर प्रधानाने मला फसवलेच होते.

सांजवात
😔

सोलकढी_फॅन
मासे आठवून हसत होतो, आता काही खाववणार नाही. तो ली यौ तरी वाचला का?

निवृत्त_लेखनिक
नाही. चौकशीला माणसे पोचली तोवर तो बंडखोरांशी लढतानाच मारला गेला होता. फितुरीचा आरोप असलेला मुलगा.

कढीपत्ता_शांघाय
उशिरा आलो, इथे गूगल चालत नाही तसा धागाही हळूच उघडतो. कंपनीच्या कामाने शानदोंगला गेलो होतो तेव्हा एक रविवार मोकळा मिळाला म्हणून थायआनला गेलो, थाई पर्वताच्या पायथ्याचं शहर. वाकडी_वाट यांनी म्हटलेला तोच, मातीचा कण न नाकारणारा. तिथल्या दाई मंदिरात काचेमागे एक दगड आहे. पहिल्या सम्राटाने पर्वतावर लेख कोरून घेतला होता, शेजारी दुसऱ्या सम्राटाचा हुकूम, अक्षर ली स्सचं असं परंपरा सांगते. दोनशेच्या वर अक्षरं होती, आता दहा उरलीत, त्यातली काही झिजलेली. मला वाचता येत नाही, बरोबरच्या चिनी सहकाऱ्याने बोट ठेवून वाचून दाखवलं. पहिलं अक्षर ‘स्स’. म्हणजे याचंच नाव. पुढे ‘सेवक छ्यूजी’, म्हणजे तोच फेंग छ्यूजी ज्याने आत्महत्या केली. आणि पुढे दोन अक्षरं ‘मेइ स्स’, त्यातला स्स वेगळा, अर्थ मरण. ‘मरणाचा धोका पत्करून’ विनंती करतो की, असं लिहायची तेव्हाच्या दरबारी अर्जाची पद्धत, आपलं ‘सविनय सादर’ तसं. सहकारी हसून म्हणाला, बाकी सगळं गेलं आणि उरलं काय बघ.

फोटो काढला होता पण काचेत माझंच थोबाड आलंय.

गवतीचहा
काटा आला.

हेमाडपंती
बरं, धागामालक गोदामपाल आहेत म्हणून एक खास चीज राखून ठेवली होती. १९७५ मध्ये हूबेई प्रांतात शुईहूदी इथे एका छिनकालीन कारकुनाची कबर सापडली, नाव शी, मृत्यू साधारण इसपू २१७. म्हणजे ली स्सच्याच काळातला आणि ली स्सनेच सुरुवात केली त्या दर्जाचा माणूस. अंगाभोवती हजारावर बांबूच्या पट्ट्या, सगळे कायदे नियम. त्यात प्रश्नोत्तराच्या रूपात कायदा समजावलाय आणि एक प्रश्न असा आहे: कोठारात उंदरांची किती बिळं सापडली तर कारवाई करायची? उत्तर: तीन किंवा जास्त असतील तर एका ढालीचा दंड, दोनपर्यंत असतील तर समज. आणि खाली खुलासा, छोट्या चिचुंद्रीएवढ्या उंदराची तीन बिळं म्हणजे मोठ्या उंदराचं एक बीळ धरावं.

ली स्स ज्या राज्याला निवांत कोठार समजून गेला तिथे बिळं मोजत होते!

मिरचीभजी
तीन छोटी बरोबर एक मोठं. जीएसटी कौन्सिल तेव्हापासून आहे तर.

वाकडी_वाट
हेमाडपंती, आधी का नाही सांगितलंत, अख्खा धागा यावरच झाला असता.

थप्पी_नंबर_सात
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. हेमाडपंती, ती पट्टी वाचून दोनदा हसलो. आमच्याकडे तपासणीला साहेब आले की बॅटरी घेऊन भिंतीच्या कडेने बिळंच शोधतात. शेरा पडतो, ढाल मागत नाहीत एवढंच.

एक सांगू का, ली स्सने कोठारातले उंदीर नीट बघितलेच नाहीत. एखाद दिवस गेला असेल, भरलेलं कोठार बघितलं असेल. आम्ही रात्री थप्पीच्या कडेने पीठ भुरभुरतो, सकाळी पावलं बघायला. थप्पी पुरी उंच असते तेव्हा उंदीर खरंच घाबरत नाही, दिवसाढवळ्या पोत्यावर बसून मिशा साफ करतो. मग उचल सुरू होते. हमाल वरची पोती काढायला लागले की तो बाहेर नाही पळत, एक थर खाली सरकतो. दार उघडं असतं, ट्रक लागलेला असतो, सरळ निघून जाऊ शकतो, पण नाही जात, कारण खाली अजून धान्य आहे. अजून एक थर, अजून एक थर. शेवटी लाकडी फळ्यांवर एकच रांग उरते आणि हमाल काठ्या घेऊन चारी बाजूंनी उभे राहतात. संडासातला उंदीर असा कधी सापडत नाही, तो पहिल्या चाहुलीलाच गायब.

टेबलखुर्ची, तुम्ही म्हणालात शाछियू. लेखनिककाका म्हणतात हान फेई, गवतीचहा म्हणतात पुस्तकं. मी पण आता थर मोजत बसलोय. ली स्सच्या पोरग्याच्या, त्या ली यौच्या, सुट्टीतल्या मेजवानीचा किस्सा कोणीच काढला नाही ना? दारात हजारावर गाड्या उभ्या, आणि ली स्स सुस्कारा टाकून म्हणतो, गुरुजी सांगायचे फार भरभराट बरी नव्हे, मी शांगत्साईच्या गल्लीतला साधा माणूस, आता गाडीचे घोडे कुठे सोडायचे तेच कळत नाही. म्हणजे त्याला कळलं होतं. तेव्हा निम्मी थप्पी तरी शिल्लक असेल.

ट्रक आलाय, उरलेलं रात्री.

मिरचीभजी
आणि तो पिवळा कुत्रा? त्याचं काय झालं कुणी सांगेल का?